पल्याडचे कावळे

माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला आम्ही मोठीमाय म्हणायचो. तिला जगात एकाच गोष्टीची चीड होती, ती म्हणजे रिकामं बसलेलं पोर. अंगणात साप निघाला तर ती काठी शोधायची आणि ओट्यावर रिकामं पोर दिसलं तर काम शोधायची, आणि खरं सांगायचं तर सापाला तिच्या हातून सुटायची आशा जास्त होती.

आमचं गाव भडगावच्या खाली, गिरणेच्या काठावर. उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावची बाकीची पोरं नदीच्या डोहात डुंबत असायची आणि आम्ही घरातली पाच भावंडं माजघरात चिंचेच्या ढिगाभोवती बसलेलो असायचो. टरफल काढा, शिरा ओढा, चिंचोका उकला. अंगठ्याच्या नखाखाली चिंच शिरली की झोंबायची, मग नख काळं पडायचं आणि ते काळं नख शाळा उघडेपर्यंत जायचं नाही. चिंच संपली की मिरच्यांचे देठ, देठ संपले की तुरीतले खडे. काहीच उरलं नाही तर परसातल्या शेणाच्या गोवऱ्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला लावायला सांगायची. का, असं विचारायची सोय नव्हती.

“काय बसनी वं?” एवढं दारातून ऐकू आलं की आमची बूडं आपोआप उचलली जायची. आम्ही घरात अहिराणीच बोलायचो. माझी जीभ पुढे शाळेने वळवली, पण मोठीमायचं बोलणं मला अजून तसंच ऐकू येतं, शब्दाला शब्द.

तिला पोरांना मारून कामाला लावायची गरज नसे. तिची युक्ती त्याहून हुशार होती. ती आम्हाला एकमेकांवर सोडायची. माझ्या चुलतभावाचा चिंचोक्यांचा ढीग मोठा झाला की मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं कौतुक, आणि माझा झाला की त्याला ऐकू जाईल असं माझं. दुपारभर आम्ही मान खाली घालून राबायचो, आणि ती उंबऱ्याला टेकून सुपारी कातरत बसायची. पोरं कशी गुंतली आहेत बघा, असं येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची. बायाही म्हणायच्या, तुमच्याकडे सुट्टीत पोरांचा आवाज नाही बाई. आवाज कुठून येणार? आमच्यात तेवढा जीवच उरत नसे.

मी चौथी पास झाले त्या सुट्टीची गोष्ट सांगते. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला भडगावला जावं लागे. तिथे माझी आत्या राहायची आणि ती मला ठेवून घ्यायला तयार होती. मास्तर स्वतः घरी येऊन वडिलांना सांगून गेले होते, पोरीला पुढे शिकवा. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना भला माणूस, पण घरात मोठ्या वहिनीचा शब्द चालायचा, आणि नानांच्या तोंडी एकच वाक्य होतं, वहिनी म्हणेल तसं. माझी माय तर बोलायचीच नाही. तिचं माहेर सोनगीरचं, पण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जातात तेव्हासुद्धा मोठीमाय तिला धाडत नसे. घरच्या कामाचं काय, म्हणे.

त्या सुट्टीच्या सुरुवातीला मोठीमायने आम्हा पाचांना समोर बसवलं आणि म्हणाली, अखाजीपर्यंत जे पोर सगळ्यात जास्त काम करेल ते जे मागेल ते मी देईन. चुलतभावाने भोवरा मागितला. बहिणींनी काचेच्या बांगड्या मागितल्या. मी म्हटलं, मला भडगावच्या शाळेत जायचं आहे.

ती माझ्याकडे बघून हसली. “दिसू ना,” म्हणाली. देईन की.

मग मी जी राबले ती मला अजून हाडांत जाणवते. पहाटे उठायचे, चिंच फोडायचे, पाणी भरायचे, भावंडं कंटाळून पळाली की त्यांच्या वाटचंही उरकायचे. माझा चिंचोक्यांचा ढीग कुणाच्या बापाला मागे सारता आला नाही. माय माझ्या हातांना तेल लावायची. मला वाटायचं, बोटं गेली तर जाऊ देत, भडगाव मिळतंय ना.

मग बिबडे आले, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजत घालायची, आंबवायची, दळायची, लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि तो गरम घाटा ओल्या धोतरावर हाताने थापायचा. चटके बसतात, पण घाट्यावर कच्चं तेल घालून वाटीभर खायला मिळतं म्हणून पोरं तक्रार करत नाहीत. ती धोतरं धाब्यावर वाळत घालायची. आमच्याकडे घरांना मातीचं सपाट छत असतं, तेच धाबं. खाली उजेड पडावा म्हणून त्याला एक भोक ठेवलेलं असतं. दिवसभर त्या धाब्यावर काठी घेऊन कावळे हाकत बसायचं काम माझं. ऊन असं, की काठीसुद्धा धरवत नसे. डोक्यावर ओलं फडकं, ते दोन घटकांत वाळून कडक.

रात्री सगळं घर धाब्यावरच निजायचं. एका पहाटे मला जाग आली ती बैलांच्या घुंगरांनी. कठड्याशी जाऊन बघितलं तर परसदारी बैलगाडी उभी. मोठीमायचा भाऊ आला होता. तिचं माहेर नदीच्या पल्याडचंच गाव, अगदी समोर. वाळून धोतरावरून सोडवलेले बिबडे आम्ही माजघरात टोपल्यांत रचून ठेवले होते. त्यातल्या दोन टोपल्या फडक्याने बांधून तिने स्वतः गाडीत चढवल्या, वरून गवताची पेंढी टाकली आणि गाडी नदीकडे उतरली. मी बघितलं आणि परत जाऊन निजले. माहेरी काही धाडत असेल, मला काय त्याचं, असं तेव्हा वाटलं.

त्याच दुपारी तिने टोपल्या उघडल्या आणि बोंब ठोकली. बिबडे कमी आहेत. आबा, म्हणजे तिचा नवरा, ओट्यावर होते, नानाही होते. तिने सगळ्यांसमोर मला धाब्यावरून खाली बोलावलं. पहाऱ्यावर निजलीस ना, म्हणाली, कावळ्यांनी आणि माकडांनी सगळं वाळवण नेलं आणि ही भवानी निजलेली. आणि तिने माझ्या कानशिलात अशी हाणली की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात मला सगळं दिसलं: मला माहीत आहे हे तिला माहीत होतं, आणि भडगाव तिच्या मुठीत होतं हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी तोंड मिटलं. नानांनी मान फिरवली. मायने मला आत नेलं आणि गालाला थंड तांब्या लावला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता, पण म्हटलं, गिळ. अखाजीपर्यंत गिळ.

अखाजीच्या दोन-तीन दिवस आधी मी धाब्यावर शेवटच्या धोतरावर पाणी शिंपडून बिबडे सोडवत होते. खाली माजघरात मोठीमाय आणि नाना बोलत होते. उजेडाच्या भोकातून शब्द सरळ वर येत होता. नाना म्हणत होते, पोरीची पाचवी करायची आहे ना वहिनी, तुम्ही तिला कबूल केलंय म्हणे.

“इले शाळा कसाले?” मोठीमाय म्हणाली. “काम कसं करस दखं ना तू. इना हात चालस. असा हात शाळामा घालीसन वाया घालाना का?”

म्हणजे मी केलेलं सगळं काम तिने माझ्यावरच उलटवलं. जितकं जास्त राबले तितकी मी घरात पक्की झाले. आणि खाली नाना म्हणाले, वहिनी म्हणेल तसं.

मी रडले नाही. मला रडू आलंच नाही. हातातला बिबडा मी चुरला, त्याचा पार भुगा केला आणि कावळ्यांना टाकला. सुट्टीभर पहिल्यांदाच त्यांना काही मिळालं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अखाजीला पोरीबाळी गौराई मांडतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी गौराई नदीवर बोळवायला नेतात. वैशाखात गिरणेला पाणी बेताचंच, मधे एक धार, बाकी वाळू. या काठाला आमच्या गावच्या बाया आणि पोरी, त्या काठाला पल्याडच्या. आणि मग शिव्या. या काठावरून त्या काठाला, त्या काठावरून या काठाला, मधे ढेकळंही फेकायची. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. कुणी काहीही बोलावं, सासू काढावी, नवरा काढावा, घरातली चूल काढावी, राग मानायचा नाही. जिला राग आला तिचं गाव हरलं. वर्षभर ज्या बायांचं तोंड उघडत नाही त्या त्या दिवशी काय काय बोलतात, ऐकून मुंग्या याव्यात. मोठीमाय अखाजीला माहेरी जायची नाही. घरच्या किल्ल्या तिच्याने सोडवत नसत. त्यामुळे नदीवर ती आमच्या काठाला उभी असायची आणि समोरच्या काठाला तिच्या माहेरच्या बाया, तिची भावजय सगळ्यांत पुढे. भावजयीचा आवाज तर असा, की कोसावरची गाय उठावी.

आत्या भडगावहून आली होती. मायही होती. शिव्या रंगात आल्या. पल्याडच्यांनी आमच्या गावच्या पुरुषांच्या मिशा काढल्या, आमच्या बायांनी त्यांच्या विहिरीचं पाणी काढलं. हशा पिकत होता. मी बायांच्या पायांतून पुढे सरकले, गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले:

“ए पल्याडना कावळासहोन! आमना बिबडा पचनात का?”

आमच्या काठाच्या बाया हसल्या. कावळ्यांनी बिबडे नेल्याचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं, मोठीमायनेच सांगितलं होतं सगळीकडे. पोरगी पल्याडच्यांना कावळे म्हणते, एवढाच विनोद त्यांना कळला. मी मागे वळून बघितलं. मोठीमाय हसत नव्हती.

पण मी जे ओरडले त्याने काही सिद्ध झालं नसतं. सिद्ध केलं ते समोरच्या भावजयीने. ही चोरी आहे हे त्या बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. नणंदेने प्रेमाने वाळवण धाडलं, एवढंच तिला माहीत. शिव्यांना उत्तर द्यायच्या भरात तिने कमरेवर हात ठेवला आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल असं उत्तर दिलं:

“पचनात ना वं! दोन टोपल्या पचनात! पन मीठ कमी व्हतं. पुढला साले नीट करी धाडज्यात!”

त्यांच्या काठाला हशा, आमच्या काठाला चिडीचूप. मग कुणीतरी पहिल्यांदा खुदकन हसलं, आणि ती माझी माय होती. मी तिला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग आत्या हसली, मग सगळा काठ. बाया वाळूत बसून हसल्या. आणि मोठीमायला राग मानायची सोय नव्हती, रीतच तशी. तिला हसावं लागलं. दात दाखवून, डोळ्यांत आग घेऊन ती हसत उभी राहिली आणि मी पाण्यातून तिच्याकडे बघत राहिले. गोड वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी पंगतीत आत्या आबांना आणि नानांना वाढता वाढता म्हणाली, यंदा कावळे फार माजलेत भाऊ, गाडी घेऊन येतात. आबांनी ताटातून मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गालाकडे. मोठीमाय चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत होती, आणि तिची एक भाकरी करपली. माझ्या आठवणीत तिची करपलेली भाकरी ती एकच.

दुसऱ्या दिवशी तीच नानांना म्हणाली, “धाडी दे इले भडगाव. माले ही पोर घरमा नको. काल नदीवर बोलनी, उद्या घरमा बोली.”

नाना म्हणाले, वहिनी म्हणेल तसं.

तर मी अशी शिकले. पाचवी झाली, सातवी झाली, मग मास्तरीण झाले, धुळ्याला मुलींच्या शाळेत लागले. लग्न, तीन पोरं, सगळं धुळ्यातच. लोकांना वाटेल, मिळालं ना हवं ते, संपला राग. मुळीच नाही. शाळा तिने मला दिली नव्हती, मी ती तिच्या नरड्यातून काढून घेतली होती. ती कानशिलात बसलेली तशीच शिल्लक होती, आणि त्याहून जास्त टोचायचे ते चिंचोके. आशा दाखवून राबवलेलं मी विसरू शकत नाही, माझा स्वभावच तसा आहे. मायला मात्र त्यानंतर दर अखाजीला सोनगीरला जायला मिळू लागलं. नानांनी वहिनीला तसं पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेलला रांगा लागायच्या, त्या उन्हाळ्यात मोठीमाय माझ्याकडे आली. आबा वारले होते, सुना वेगळ्या झाल्या होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. चुलतभावाने तिला धुळ्याच्या दवाखान्यात आणलं, डोळ्याचं काम झालं, आणि म्हणाला, सुट्टी आहे तर हिला थोडे दिवस ठेवून घे. मी म्हटलं, आनंदाने.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही दिवस वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. मी तिला पलंगावर बसवलं, पाठीला लोड दिला. ती पहिल्या दिवशी बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “काही काम दे ना वं.” मी म्हटलं, छे छे मोठीमाय, तुम्ही आराम करा, जन्मभर केलंत. तिसऱ्या दिवशी म्हणाली, लसूण तरी दे सोलायला. मी म्हटलं, सोलून ठेवलाय. मग डॉक्टरांनी पट्टी काढली आणि म्हणाले, आता सगळं करू द्या यांना. मी ते ऐकलं आणि घरी येऊन म्हटलं, डॉक्टर म्हणतात अजून विश्रांती हवी.

तिचे हात मांडीवर असायचे आणि ते गप्प राहायचे नाहीत. लुगड्याच्या काठाची सुतं ओढायची, ती पुन्हा वळायची. पलंगाच्या नवारीला चाचपायची. माझी पोरं सुट्टीमुळे घरात धिंगाणा घालायची, काय करू, काय करू म्हणून मला भंडावायची. मी म्हणायचे, काही करू नका, लोळा, भांडा, सुट्टी आहे तुमची. ते ऐकून तिच्या चेहऱ्यावर जी कळ उठायची ती मी कामं करता करता बघून घ्यायचे. कुणाला एवढं प्रेमाने छळता येतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, काय सेवा करता हो म्हाताऱ्या चुलतीची.

एक दिवस मी बाजारातून आले. घरात आवाज नव्हता. तीन पोरांच्या घरात दुपारी आवाज नाही म्हणजे काय ते मला लगेच कळलं. माजघरात गेले. मोठीमाय जमिनीवर बसलेली, तिच्याभोवती माझी तिन्ही पोरं, मधे माझी वर्षाची चिंचेची टोपली. तिने ती वासाने शोधून काढली होती. पोरांच्या माना खाली होत्या, बोटं भराभर चालली होती. थोरलीच्या पुढचा चिंचोक्यांचा ढीग सगळ्यांत मोठा होता, आणि मोठीमाय धाकट्याला ऐकू जाईल असं तिचं कौतुक करत होती. तिचा चेहरा असा फुलला होता, की डोळ्याचं दुखणं कुठल्या कुठे गेलेलं. आणि पोरं खूश होती. तेच मला सहन झालं नाही.

मी पिशवी खाली ठेवली. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, नीट पाहिलं. आता तिला दिसत होतं.

“माले समजस बठ्ठं,” ती म्हणाली. “तू बदला ली राहिनी. ले. पन हात तं चालू दे मना.”

उभ्या आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. तिचं अंगठ्याचं नख काळं झालं होतं. माझ्या थोरलीचंही.

मी टोपली उचलली. पोरं ओरडली, आई, असं काय, आम्हाला मजा येत होती. मी स्टुलावर चढले आणि टोपली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, म्हातारीचा हात पोचणार नाही आणि पोरांचाही नाही अशी.

“मग आता आम्ही काय करू?” धाकट्याने विचारलं. मोठीमायही तोंड वर करून तेच विचारत होती, फक्त बोलून नाही.

मी चौघांनाही म्हटलं, बसा.